ताई, आमच्या बारक्यानं तंबाखू मळली

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गुरुवारी संध्याकाळी आजोबांसमोर बसून बारक्यानं डाव्या तळहातावर अंगठा फिरवला, वरून दोन थापा मारल्या आणि चिमूट ओठापाशी नेली. हातात काहीच नव्हतं. आजी ओरडली, त्याची आई रडायला लागली, आजोबांनी पुडी बंडीत लपवली. मी तुम्हाला लगेच फोन लावला, पण धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितोय, कारण आमच्यासारखी आणखी घरं सोलापुरात असणारच.

तुमच्याकडे थेरपीला आलो तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. टाटा नाही, टाळ्या नाहीत, कुणाची नक्कल म्हणून नाही. सिद्धेश्वराच्या देवळात आजी 'जयजय कर' म्हणत त्याचे हात धरून जुळवायची आणि तो अंग चोरून निसटायचा. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठापर्यंत ओढत न्यायचा, पण बोट कधी दाखवलं नाही. एका ठिकाणी ऐकून घेतलं की पोरगं लाडावलंय. दुसऱ्या ठिकाणी मोबाईलवर खापर फुटलं. पुढे ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द कळला, पण सकाळी उठल्यावर त्याचं करायचं काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

सात रस्त्याजवळच्या तुमच्या खोलीतला पहिला दिवस आठवतो. आमच्या विणकामाच्या कारखान्यातल्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या हेच त्याचं खेळणं. तो कांडी फरशीवर घरंगळत सोडत होता. तुम्ही माझ्याकडून दुसरी कांडी मागून घेतलीत, खाली बसलात आणि तशीच सोडलीत. तो 'उंऽ' म्हणाला की तुम्हीही 'उंऽ'. वीस मिनिटं हेच. खरं सांगतो, राग आला होता. म्हटलं, मी कामाचा खाडा करून आलोय आणि मॅडम पोराचीच नक्कल करत बसल्यात!

मग तो थांबला. आधी तुमच्या कांडीकडे बघितलं, नंतर तुमच्या तोंडाकडे. इतका वेळ तो कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

नंतर तुम्ही समजावलंत की ही अमेरिकेतल्या संशोधक ब्रुक इंगरसॉल यांनी मांडलेली पद्धत आहे. आधी आपण मुलाची नक्कल करायची, म्हणजे नक्कल हा दोघांचा खेळ आहे हे त्याला कळतं. मधूनच आपण काहीतरी नवं करायचं आणि त्यानं ते उचलायची वाट बघायची. हात धरून करून घेण्याची घाई नको. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळं दोन-दोन झालं. दोन वाट्या, दोन चमचे, दोन कांड्या. आजी म्हणायची, जुळं झालंय काय घरात?

वस्तू हातात असली तर नक्कल सोपी जाते, हे तुमचं वाक्य मी पाठ केलंय. कांडी आपटली की आवाज येतो, ती घरंगळते, काय झालं ते दिसतं. रिकाम्या हाताच्या खुणेत दिसण्यासारखं काही नसतं, ती अवघड. त्यातही जिला काही अर्थ नाही अशी हाताची हालचाल सहसा आणखी अवघड. म्हणून बारक्या आधी कांडी वाजवायला शिकला. नमस्कार कितीतरी महिन्यांनी आला, तोही अर्धा.

पण सगळ्यात जास्त उपकार झाले ते कंगव्याच्या दिवशी. तुम्ही रिकाम्या हातानं केस विंचरल्यासारखं केलंत. समोर कंगवा, पेला आणि ब्रश. त्यानं कंगवा उचलला! त्याला स्वतःला ती खूण करायला सांगितली तर हात नुसता डोक्यावर ठेवायचा. ओळखणं वेगळं आणि करणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. तोवर आम्ही धरूनच चाललो होतो की करत नाही म्हणजे समजत नाही. 'गप्प' म्हणून ओठावर बोट ठेवलं तर मात्र त्याला ओळखूही आलं नाही. एकेक खूण वेगळी तपासा म्हणालात. आणि दुसऱ्या मुलाचं याच्यापेक्षा वेगळं असू शकेल, हेही.

टाटाची गंमत तर लिहायलाच हवी. हात हलवायला लागला तोही तळवा स्वतःकडे करून. 'आवं, ह्यो सोताच सोताला टाटा करतोय की!' म्हणून आजी हसली. तुम्ही हसला नाहीत. समोरच्याचा तळवा आपल्याकडे असतो, तो जसा दिसला तसाच त्यानं स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला, म्हणालात. ओटा नावाच्या जपानी संशोधकानं १९८७ मध्येच ऑटिझम असलेल्या मुलांच्या अशा अर्धवट नकलांबद्दल लिहून ठेवलंय म्हणे. माझ्या डोक्यात ते चादरीमुळे बसलं. आपल्या चादरीला नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त मागे रंग उलटे होतात. पोरगं चूक करत नव्हतं, त्याला दिसलेली बाजू विणत होतं. मग तुम्ही त्याच्यासमोर न बसता शेजारी बसलात, आरशाकडे तोंड करून. आता तळवा बहुतेक वेळा बाहेर असतो. घाईत असला की उलटा.

बोलणं अजून चार-पाच शब्दांवरच आहे. गड्ड्याच्या जत्रेत गर्दीला घाबरून कान झाकतो, दहा मिनिटांत परत आणावं लागतं. पण परवा पत्र्यावर बसलेल्या माकडाकडे त्यानं बोट केलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. माकड नको होतं त्याला. मला दाखवायचं होतं.

तंबाखूचं काय करायचं ते सांगा. आजोबांनी पुडी कपाटावर ठेवलीय, पण चेहरा बघण्यासारखा झालाय त्यांचा. पंचावन्न वर्षांत त्यांना कुणी सोडायला लावू शकलं नव्हतं.

शनिवारी येतो. सोबत आमच्या कारखान्यातले टॉवेल आणतोय. पैशाचं काही बोलू नका. दोन आहेत, एकसारखे. तुमच्या पिशवीत लागतील.

तुमचा,
बारक्याचा बाप
अशोक चौक, सोलापूर