रविवारी राइड नाही, तळजाईला रनिंग!

मंडळी, पावसामुळे सिंहगड रोडवर खड्डे आणि चिखल दोन्ही वाढलेत, त्यामुळे या रविवारी सायकली घरीच ठेवायच्या आणि सकाळी ६ ला तळजाई पठारावर पार्किंगपाशी भेटायचं, गेटवर नको, तिथे गर्दी होते.

आता महत्त्वाचं, खास करून जे शंभर किमी आरामात मारतात त्यांच्यासाठी. तुमचा दम भरपूर आहे पण पोटऱ्या, नडग्या, घोटे यांना आपटायची सवयच नाहीये, सायकलवर वजन सीट उचलते आणि धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, म्हणून छाती म्हणते चल अजून आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. हाडांना मात्र हाच भार हवा असतो, नुसत्या सायकलिंगने तो मिळत नाही, म्हणून तर हा खटाटोप. तर १ मिनिट जॉग, २ मिनिटं चालणं, असं २०-२५ मिनिटंच. पावलं छोटी टाका. हार्ट रेट सायकलपेक्षा जास्त दिसेल, घाबरू नका, बोलता येत असेल तर ठीक चाललंय. नडगीत एकाच जागी टोचून दुखलं तर सरळ थांबायचं, हिरोगिरी नको.

शूज रनिंगचेच हवेत, क्लीट्सवाले (पेडलला अडकणारे) सायकलचे शूज घालून येऊ नका (येणारे आहेत आपल्यात!). पॅडेड शॉर्ट्सही नकोत. नंतर पोहे आहेत, येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर अंगठा टाका.