अकरा अल्बम आणि आईचा डबा

ठाणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून बाबांना वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण गेल्या मंगळवारी मी फोनवर खोटं बोलले आणि ते निस्तरायला परत फोनच करावा असं वाटेना. "दुकानदार बघून सांगतो म्हणाला," असं मी म्हटलं होतं ना? त्याने तिथल्या तिथेच सांगितलं होतं. तुमच्या पोस्टाच्या तिकिटांसाठी मी दोन दुकानं केली. पहिला सहा हजार म्हणाला, दुसरा नऊ. एका अल्बमचे नव्हे, बाबा. अकरा अल्बम, तिकीट निघाल्या दिवशीच्या शिक्क्याच्या पाकिटांची, म्हणजे फर्स्ट डे कव्हरांची, चार खोकी आणि डुप्लिकेटांचा तो बिस्किटांचा डबा, सगळ्याचे मिळून.

पाणी प्या आणि मग पुढचं वाचा.

पहिल्याबद्दल लिहीत नाही. त्याने अल्बम न उघडता नुसता हातात तोलून पाहिला, रद्दीवाला तोलतो तसा. मी उठून आले. दुसरा फोर्टात, जीपीओपासून पाच मिनिटांवर, जिन्याखालच्या खोपटात बसतो. तुमच्याच वयाचा असेल. त्याने हात पुसले, चिमटा काढला आणि दोन तास एकेक पान बघितलं. अधूनमधून "छान ठेवलंय" म्हणायचा. माझी आशा तेवढीच वाढायची.

मग त्याने तुमच्याच खोक्यातलं एक माहितीपत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. पोस्टाच्या फिलाटेली ब्युरोतल्या ठेव खात्यावर तुम्हाला प्रत्येक नव्या तिकिटाबरोबर यायचं ते. चित्र कोणाचं, छपाई नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, आणि खाली बारीक अक्षरात किती छापली तो आकडा: तीस लाख. तो म्हणाला, "हे तुमच्या वडिलांनी जपून ठेवलं, तसं त्या वेळी प्रत्येकाने ठेवलं. म्हणून तर ते आजही सगळ्यांकडे आहे." बाबा, तो आकडा पन्नास वर्षं तुमच्याच कपाटात होता. आपण तिकिटाचं चित्र बघत राहिलो.

आणि कॅटलॉग. स्टॅन्ली गिबन्सच्या त्या जाड पुस्तकातले पौंड गुणून तुम्ही वहीत मांडलेली बेरीज मी सोबत नेली होती. ती बघून तो हसला नाही, हे सांगते. एवढंच म्हणाला की कॅटलॉगातला आकडा म्हणजे दुकानदार ज्या किमतीला विकतो तो, आणि तोही निर्दोष नगाचा. आपल्या सुरुवातीच्या तीन अल्बमांत तिकिटं हिंजच्या कागदी पट्टीने चिकटवलेली, म्हणजे मागच्या गोंदाला हात लागलेला. शिवाय पुरानंतरच्या दमटपणाने कडांना तपकिरी ठिपके आलेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढत असताना तुम्ही आधी अल्बम माळ्यावर नेलेत आणि आईचं शिलाई मशीन खाली गेलं ते गेलंच. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून भाव वाढला नसता.

विलायतेतही हेच झालं म्हणे. सत्तरच्या दशकात महागाई भडकली तेव्हा लोकांनी सोनं घ्यावं तशी तिकिटं घेतली, आणि १९८० च्या सुमाराला भाव कोसळले. आपल्याकडे ती बातमी पोचेपर्यंत तुम्ही आठव्या अल्बमावर असाल. आता तर पत्रंच येत नाहीत. ओम एकोणीस वर्षांचा झाला, त्याच्या नावाने घरी शंभर पार्सलं आली असतील, सगळ्यांवर बारकोड. रजिस्टर्ड पोस्टसुद्धा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं.

तुम्ही गांधींचं विचारणार हे माहीत आहे. पेपरात आलेली ती बातमी तुम्ही मला कापून पाठवली होती: २०१७ साली चार तिकिटांची पट्टी पाच लाख पौंडांना गेली. ती 'सर्व्हिस' छापाची, बाबा, गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी. दहा रुपयांच्या तिकिटावर तो शिक्का मारून जेमतेम शंभर काढली होती. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९४८ च्या संचातली दीड आणा, साडेतीन आणे आणि बारा आणे ही तीन आहेत. चौथ्या चौकटीत तुमच्या अक्षरात, पेन्सिलीने: "१० रु. – बघू." त्या पानावर तो म्हातारा बराच वेळ थांबला. मी त्याला तुमचं ते नेहमीचं वाक्य ऐकवलं, आयुष्यभर स्वदेशी स्वदेशी करणाऱ्या बापूंचं तिकीट आणि छापून आणलं स्वित्झर्लंडहून! तो म्हणाला, ते साधं दहा रुपयांचंही, गोंद शाबूत असेल तर, अकरा अल्बम देऊन वर पैसे घालावे लागतील.

मग त्यानेच विचारलं, "भूतानच्या तबकड्या आहेत का?" आठवतं? रबरासारखी गोल तिकिटं, रेकॉर्ड प्लेयरवर लावली की खरंच गाणं वाजायचं. प्रदर्शनात तुम्हाला मिळत होती आणि तुम्ही "हा काय पोरखेळ, याला तिकीट म्हणायचं?" म्हणून परत ठेवलीत. खऱ्या संग्राहकांनी नाक मुरडलेल्या त्या पोरखेळाला आज चांगला भाव आहे. रेकॉर्ड जमवणारे लोक शोधत येतात. मी नाही म्हटलं. आत कुठेतरी हसूही आलं.

आई, आता तुझं.

अल्बमांच्या पिशवीत तू माहेरच्या पत्रांचा डबा कशाला घातला होतास कोण जाणे. "जागा होती म्हणून," म्हणशील. मी तो उघडलासुद्धा नसता. त्यानेच झाकण काढलं. वरची सगळी पाकिटं उजव्या कोपऱ्यात चौकोनी कातरलेली. "हे कोणी केलं?" त्याने असं विचारलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या. मी सांगितलं, पहिल्या दिवाळसणाला जावईबापूंनी तिकिटं मागितली, आजोबा नाही कसे म्हणणार, त्यांनी स्वतः कात्री आणून दिली. त्याने कपाळाला हात लावला. नुसतं सुटं तिकीट काही नाही, पण तेच पाकिटावर असेल, शिक्का, तारीख, गाव सगळं जागच्या जागी, तर ते पत्र कुठून कुठे कसं गेलं हे कळतं. आता जमवणारे तेच शोधतात. कोपरा गेला की सगळंच गेलं.

तळाशी पाच पाकिटं मात्र धडधाकट होती. त्यांवर तिकीटच नव्हतं, म्हणून बाबांच्या कात्रीतून सुटली! दादाकाकांची, लढाईतली. एका बाजूला सेन्सॉरचा शिक्का, दुसऱ्या बाजूला फील्ड पोस्ट ऑफिसचा, गावाचं नाव नाही, नुसता नंबर आणि १९४४ ची तारीख. पत्रात कुठे आहोत ते लिहायची बंदी, हे तू सांगायचीस. पण त्या नंबरांच्या याद्या लोकांनी पुढे तयार केल्यात. त्याने एक फाटकं पुस्तक काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "इटली." आजोबा गेले, आजी गेली, दादाकाका परत येऊन चाळीस वर्षं जगले आणि तोंडातून अवाक्षर नाही. पत्र कुठून आलं होतं ते मला जिन्याखाली, उभ्या उभ्या कळलं.

त्या पाचांचे तो अडीच हजार देत होता. अकरा अल्बमांचे नऊ आणि या पाच कागदांचे अडीच. मी दिली नाहीत. तुला न विचारता नाही म्हटलं, त्याबद्दल रागव हवं तर.

बाबा, एक गोष्ट मला टोचली ती लिहून टाकते. १९८८ ला न्हाणीघरातला तांब्याचा बंब आणि दोन पितळी घंगाळी मोडीत दिली, त्या पैशांत तुमचा पहिला परदेशी अल्बम आला. "भांडी काय, धातूच्या भावाने जाणार. तिकिटं वाढतात," असं तुम्ही आईला समजावलं होतं. मी सहावीत होते, दाराशी उभी होते. परवा इथे एका महागड्या दुकानात तसाच बंब बघितला, कुंडी करून त्यात पाम लावलेला, वीस हजारांची चिठ्ठी. आईला फोटो पाठवला नाही. हे वाचून तिला कळेलच. तिने काही बोलायचं असेल तर बोलू दे, मध्ये बोलू नका.

अल्बम विकले नाहीत. नऊ हजारांनी नवीन फ्लॅटचं काही अडत नाही. त्यांच्या भरवशावर तुम्ही जुनं घर सोडायचं पुढे ढकलत होता, ते मात्र आता नको. फ्लॅटच्या कागदांवर सही करा. तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही. अल्बमांसाठी बैठकीच्या खोलीत एक कप्पा ठेवा, एकच, आणि शिलाई मशीनसाठी खिडकीजवळची जागा. दोन्ही मी मापून ठेवलं आहे. अल्बम आडवे रचू नका, उभे ठेवा. पानं एकमेकांना चिकटतात.

पुढच्या शनिवारी कोकणकन्येने येते. डबा माझ्याकडेच आहे, आई, घेऊन येते. दादाकाकांची पत्रं तूच मोठ्याने वाच, मोडी लिपीतली दोन मला लागत नाहीत.

या पाकिटावर तुमच्याच डुप्लिकेटांतली पंचवीस पैशांची वीस तिकिटं लावली आहेत. पत्ता लिहायला जेमतेम जागा उरली. खिडकीवरच्या मुलाने दोनदा मोजली, मग प्रत्येकावर निगुतीने शिक्का मारला. बाबा, कापू नका.

तुमची,
मधू