पेन्सिलच्या एका वर्तुळासाठी

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

निकोटिनमुळे झेब्राफिश या छोट्या माशाच्या रेटिनाचा (डोळ्यातल्या दृष्टिपटलाचा) प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद कसा बदलतो, या प्रयोगाचा आराखडा तुम्ही ओळ न् ओळ वाचलात. मासा हलू नये म्हणून दिलेल्या पॅनक्युरोनियमभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून शेजारी लिहिलंत, ‘हेही निकोटिनिकच ना?’ आभार त्या तीन शब्दांचे.

पॅनक्युरोनियम स्नायूंमधले निकोटिनिक रिसेप्टर, म्हणजे निकोटिन ज्यांना चिकटतं ते पेशींवरचे ग्राहक, अडवूनच मासा निश्चल करतं. असेच रिसेप्टर रेटिनातही असतात. तिथल्या स्टारबर्स्ट अमॅक्राइन नावाच्या चेतापेशी हे रिसेप्टर चालवणारं अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात. कुलपात आधीच काडी अडकवायची आणि किल्ली फिरत नाही अशी नोंद करायची, तसला हा प्रकार. स्नायू लुळे करणाऱ्या ट्युबोक्युरारिन आणि अल्फा-बंगारोटॉक्सिनचीही तीच गत. ट्रायकेनची भूल द्यावी, तर ते चेतापेशींचे संदेश वाहणारे सोडियम चॅनेल अडवतं, म्हणजे प्रतिसादातच ढवळाढवळ.

निकोटिनचा परिणाम का दिसत नाही, असं याआधी ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर एकच, ‘डोस वाढवा.’ आलेख उघडूनही न पाहता दिलेला सल्ला! शुद्ध निकोटिन अल्कधर्मी असतं. डोस वाढवला की पाण्याचा पीएच चढतो. पीएच ७ला जेमतेम नऊ टक्के निकोटिन विद्युतभाररहित असतं, ८च्या आसपास निम्मं. आणि पेशीत सहज शिरतं ते हेच. मग फरक डोसाचा की पीएचचा, कसं सांगणार? टार्ट्रेट क्षार वापरला तर द्रावण उलट आम्लाकडे झुकतं, म्हणून बफर आणि पीएचची तपासणी दोन्हीकडे हवीच. वजनाचा हिशोबही बदलतो: १० मायक्रोमोलर द्रावणाला लिटरमागे शुद्ध निकोटिन १.६२ मिलिग्रॅम, टार्ट्रेट डायहायड्रेट ४.९८.

तुम्ही सुचवलेली वाट सरळ आहे. पाच दिवसांच्या पिल्लाचा डोळा अलगद सोडवून ओल्या फिल्टर पेपरवर ठेवायचा, ऑक्सिजन दिलेलं रिंगर (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं द्रावण) सतत वाहतं ठेवायचं, इलेक्ट्रोड कॉर्नियावर टेकवायचा. स्नायू शिथिल करणारं औषधच नको. आधी साध्या रिंगरमध्ये नोंद, मग निकोटिनमध्ये, मग धुऊन पुन्हा साध्यात. वेगळ्या डोळ्यांवर हेच, पण निकोटिनिक रिसेप्टर अडवणाऱ्या मेकॅमिलअमीनसोबत. धुतल्यावर बी-तरंग (प्रकाश पडल्यावर रेटिनातून उमटणारी मुख्य विद्युत लहर) परत आला नाही, तर डोळाच थकला असण्याची शंका आधी घ्यायची. नोंदी रोज एकाच वेळी, कारण माशाच्या रेटिनाची संवेदनशीलता दिवसभरात बदलते. आणि या वयात प्रतिसाद जवळजवळ सगळा शंकुपेशींचा असतो, तेव्हा दंडपेशींबद्दल त्यावरून काही बोलायचं नाही, हेही तुम्ही बजावलंत.

दुसऱ्याच्या कामातली चूक चारचौघांत दाखवून मोठेपणा मिरवणारे कमी नाहीत. तुम्ही ती प्रश्नाच्या रूपात, कागदाच्या कडेला लिहिलीत. विचारणाऱ्याचा मान राखून शिकवणारी माणसं आहेत, म्हणूनच नवख्यांना विचारायचा धीर होतो. आराखड्यातून पॅनक्युरोनियम काढलं आहे. सुधारलेली प्रत तुमच्याकडे पाठवत आहोत. पेन्सिल पुन्हा चालवा, ही विनंती.

आपले ऋणी,
रेटिनावर काम करणारे आम्ही सगळे