दोनदा विचारलं

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी दोनदा विचारलं, "तू बरा आहेस ना?" दोन्ही वेळा तू म्हणालास, "आई, आजारी कॅप्टन पडले, मी नाही." आणि फोन ठेवलास. माझं चुकलं. ज्या को-पायलट पोराने एकट्याने विमान उतरवलं त्याला आधी शाबासकी द्यायची सोडून मी जेवणाखाण्याच्या चौकशा करत बसले. या पत्रात तो प्रश्न परत विचारणार नाही.

रेवाने मला सगळं सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. ३६,००० फुटांवर कॅप्टनांना दरदरून घाम फुटला, उलटी झाली आणि पाच मिनिटांत मान कलंडली. त्या क्षणी तू "आय हॅव कंट्रोल", म्हणजे विमान आता माझ्या ताब्यात, असं मोठ्याने म्हणालास, ऑटोपायलट लागलेला आहे ना ते पाहिलंस, स्पीड, उंची, दिशा पाहिली आणि मगच शेजारी वळलास. तिने हे सांगितलं तेव्हा मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. शेजारचा माणूस निपचित पडलेला असताना नजर स्पीडवर ठेवणं फार जड जातं. पण क्रम तोच. त्यांना वाचवायचं तर विमान आधी सरळ उडायला हवं.

ते त्यांच्या बाजूच्या साइडस्टिकवर, म्हणजे विमान वळवायच्या दांडीवर, कोसळले नाहीत हे नशीब. कोसळले असते तर तुला तुझ्या साइडस्टिकवरचं लाल बटण दाबून धरावं लागलं असतं. धरलेलं आहे तोवर त्यांची स्टिक बंद, आणि ४० सेकंद धरलं की बोट काढलं तरी बंदच राहते. मात्र ते बटण दाबताच ऑटोपायलटही सुटतो, तो आठवणीने परत लावायचा. आणि बंद केलेल्या स्टिकवरच्या बटणावर बेशुद्ध माणसाचा अंगठा चुकून पडला तर ती स्टिक पुन्हा जिवंत होते. पुस्तकात हे वाचलेलं असतं, पण त्या माणसाचे हात छातीवर घेऊन पट्ट्याखाली का अडकवायचे याचा उलगडा इथे होतो.

मागून केबिन क्रूतल्या दोघी आल्या हे फार चांगलं झालं. एकीने हे काम होत नाही. बेशुद्ध माणूस ओल्या पोत्यासारखा जड होतो, आणि कॉकपिटमध्ये तर वाकायलाही जागा नाही. एकीने मागून दोन्ही खांदे धरून पाठ सीटला टेकवायची, दुसरीने खांद्याचे पट्टे आवळून लॉक करायचे. नुसते आवळून भागत नाही. पट्ट्याचं रीळ मोकळं राहिलं तर विमानाने नाक खाली केल्याबरोबर माणूस परत पुढे झुकतो. मग सीट पूर्ण मागे, पाठ कलती, आणि पाय रडर पॅडलवरून, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायच्या पॅडलवरून, उचलून मागे. पायांचा विसर सगळ्यांना पडतो. आकडी आली तर पाय ताठ होतात, आणि तो ताठ पाय रडर पॅडलवर असेल तर तुझ्या पायांना त्याच्याशी झुंजावं लागतं, तेही नेमकं जमिनीजवळ.

ऑक्सिजन १०० टक्क्यांवर द्यायचा हे सगळे सांगतात. पण तुझ्या कॅप्टनांना उलट्या होत होत्या. अशा माणसाच्या तोंडावर मास्क चढवून तसंच सोडून दिलं तर तो त्यातच गुदमरेल. मान एका कुशीला, तोंड बोटाने साफ, आणि मास्क हाताने धरून ठेवायचा म्हणजे झटकन काढता येतो. रेवा म्हणाली, त्या मुलीने तसंच केलं. तिचं नाव मला कळव. श्वास थांबला असता तर मात्र सीटवर काही करता आलं नसतं. छाती दाबायला पाठीखाली टणक जमीन लागते. मग सीट मागे आणि बाहेरच्या बाजूला सरकवून, काखेत हात घालून, ओढून गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेत, आडवं करायचं. डॉक्टर प्रवासी मिळाला तर एकच आत घ्यायचा, तोही मागे उभा राहील आणि कुठल्याही बटणाला हात लावणार नाही हे बजावून.

आता मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट. बरोबर खाली विमानतळ दिसत असताना तू ते सोडून पुढचं निवडलंस. रेवाला ते कळेना, ती म्हणाली "खालीच का नाही उतरला?" मी तिला कागदावर मांडून दाखवलं. दर हजार फुटांना तीन सागरी मैल धरले तर ३६,००० फूट उतरायला १०८ मैल लागतात, वर वेग कमी करायला दहाएक. पायाखालच्या विमानतळावर उतरायचं तर घिरट्या घालाव्या लागणार, वेळ तेवढाच, कदाचित जास्तच. त्यापेक्षा १२० मैलांवरचं, लांब रनवेचं, आयएलएस (रनवेपर्यंत वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) चालू असलेलं, हवा स्वच्छ असलेलं आणि जवळ मोठं हॉस्पिटल असलेलं बरं. मेडे, म्हणजे संकटाची हाक, दिलीस, ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा रडारवर दिसणारा संकटाचा कोड लावलास, एटीसीकडून (हवाई वाहतूक नियंत्रणाकडून) रडार व्हेक्टर, म्हणजे रडारवर बघून सांगितलेल्या दिशा, आणि लांब फायनल, म्हणजे रनवेकडे लांबून सरळ येणारी वाट, मागून घेतलीस, चेकलिस्ट नेहमीपेक्षा आधी संपवल्यास. आणि उतरवलंस ते आपल्याच उजव्या सीटवरून. एकट्या माणसाने स्वतःचं काम असंच हलकं करून घ्यायचं असतं. तुझ्या ए-३२० ला टिलर, म्हणजे जमिनीवर पुढचं चाक वळवायची मूठ, दोन्ही बाजूंना असतो म्हणून रनवेवरून बाहेर काढता आलं. बऱ्याच ७३७ वर तो फक्त कॅप्टनच्या हाताशी असतो, तिथे रनवेवरच थांबून मदतीची वाट बघावी लागते. बाबा असते तर त्यांनी हा हिशोब चारदा करून शेजाऱ्यांना दाखवला असता.

बाबांचं काढणार नव्हते.

एक सांगते, आणि हे व्याख्यान वाटेल याची कल्पना आहे. परवाचा प्रसंग मोठा होता, पण तो दिसला. मान पडली, तुला कळलं. खरी भीती न दिसणाऱ्या आजाराची. १८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्सला ट्रायडंट जातीचं प्रवासी विमान पडलं, ११८ माणसं गेली. कॅप्टनच्या हृदयाचा त्रास त्या उड्डाणाच्या सुमारास बळावला होता. तो सीटवर सरळ बसलेला होता, पण वेग कमी पडतोय आणि पंखांचे ड्रूप (कमी वेगातही विमान तोलून धरणारे पुढच्या कडेचे भाग) वेळेआधी आत गेलेत हे ध्यानात घेण्याइतकं त्याचं मन ठिकाणावर नव्हतं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. शेजारी माणसं होती, पण अशा छुप्या बिघाडाचं प्रशिक्षण कुणाला दिलेलं नव्हतं. म्हणून तर तो दोनदा विचारायचा नियम. दोनदा हाक मारली आणि नीट उत्तर आलं नाही, किंवा एकदा विचारूनही उत्तर नाही आणि विमान ठरल्या मार्गावरून हलतंय, तर समोरचा माणूस कामात नाही असं समजून कंट्रोल घ्यायचा. तो वयाने मोठा आहे, रागावेल, हे मनात आणायचं नाही. उत्तर आलं पण भलतंच आलं, तर तेही उत्तर नव्हे.

तुझे कॅप्टन सकाळपासून पोट धरून होते म्हणे. ब्रीफिंगच्या वेळीच चेहरा उतरलेला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण ऐन वेळी बदली माणूस कुठून आणणार, फ्लाइट लेट होईल, लोक काय म्हणतील. चांगला माणूस असाच विचार करतो. आणि ही सवय माझ्या ओळखीची आहे. सातवीत स्पर्धेच्या दिवशी तू थर्मामीटर गार पाण्याखाली धरून मला आणून दाखवलास. काचेवर पाण्याचा थेंब तसाच होता. मी तो पाहिला, आणि तरी तुला जाऊ दिलं, कारण तुझा चेहरा मला बघवेना. दुपारी तुला उचलून आणलं. त्या थेंबाबद्दल मी तुला कधीच काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

बघ, परत तिथेच आले. पण आता आलेच आहे तर नीट विचारते. कॅप्टनांनी जे खाल्लं ते तू खाल्लं होतंस का? दोघांची ताटं वेगळी असतात हे मला ठाऊक आहे. १९७५ च्या फेब्रुवारीत अँकरेजहून कोपनहेगनला निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या ७४७ मध्ये हॅम ऑम्लेट खाऊन १९७ जण आजारी पडले, त्यांतले १४४ हॉस्पिटलात. स्वयंपाक्याच्या बोटांवरच्या फोडांतून जंतू गेला होता. पायलटांनी ते खाल्लं नव्हतं म्हणून निभावलं. पण वेगळ्या ताटांचा नियम विमानापुरता. आदल्या रात्री हॉटेलात दोघं एकाच टेबलावर बसून एकच पदार्थ वाटून घेता, तेव्हा तो नियम कुठे असतो? अन्नातला स्टॅफिलोकॉकस हा जंतू काही तासांत गाठतो, साल्मोनेला दोनतीन दिवसांनीही. पायलट उड्डाणात अचानक निकामी होण्याची कारणं शोधली तर पोटाचे विकार फार वरच्या क्रमांकावर आहेत, हार्ट अटॅक त्यामानाने विरळा. कळ आली, उलटी झाली की अंगातलं पाणी जातं, रक्तदाब उतरतो आणि माणूस घेरी येऊन पडतो. तुझ्या कॅप्टनांचं तसंच झालं असावं, आणि ते सुधारतायत हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण तू निदान तीन दिवस विमानात बसू नकोस. पोट ठीक असलं तरी झोप नीट लागते का ते बघ. डोळे मिटले की ती कलंडलेली मान दिसत असेल तर ते कंपनीच्या डॉक्टरांना सांग. झोपेसाठी किंवा सर्दीसाठी मनाने गोळी घेऊ नकोस. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि दुसऱ्या दिवशीही डोकं जड राहतं.

रागावलास ना? माफ कर. शाबासकीचं पत्र लिहायला बसले होते.

तरीही अजून एक. कॅप्टन टॉयलेटला गेले की केबिन क्रूपैकी कुणाला तरी आत बोलावून बसव, तुमच्या कंपनीत सक्ती नसली तरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुफ्तान्साचं ए-३२१ फ्रँकफर्टहून सेव्हिलला चाललं होतं. कॅप्टन बाहेर गेला आणि आत एकट्या को-पायलटला आकडी आली. सुमारे दहा मिनिटं २०५ माणसांचं ते विमान शुद्धीतल्या पायलटशिवाय, निव्वळ ऑटोपायलटवर उडत होतं. कॅप्टनने दाराचा नेहमीचा कोड पाचदा टाकला. आतून उत्तर नाही म्हटल्यावर इमर्जन्सी कोड टाकला. त्याची मुदत भरून दार सुटण्याआधीच त्या अर्धवट शुद्धीतल्या पोराने आतून दार उघडलं. कॅप्टनने विमान माद्रिदला उतरवलं. त्याचा आजार नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत सापडण्यासारखा नव्हता, असं स्पेनच्या चौकशी अहवालात आहे. तिथे कुणी काही लपवलं नव्हतं. दाराआड एकटं असलेलं ते पोर मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मेडिकल पास झालो म्हणजे झालं, असं तू नेहमी म्हणतोस. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिॲटलहून इस्तंबूलला जाणाऱ्या टर्किश एअरलाइन्सच्या ए-३५० चे कॅप्टन उड्डाणातच गेले, वय ५९. मार्चमधल्या तपासणीत काहीही निघालं नव्हतं. सहकाऱ्यांनी विमान न्यूयॉर्कला उतरवलं. ईसीजी म्हणजे त्या दिवशी टेबलावर आडवं पडलेल्या माणसाचे दहा सेकंद. बाकीचं डॉक्टरांना तू सांगशील तेवढंच कळतं. म्हणून त्या फॉर्मवर घरातल्यांच्या आजारांचा रकाना असतो. तिथे तू दरवेळी काय लिहितोस हे मी आजवर विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटायची. बाबांचं लिहिलंस म्हणून लायसन्स जात नाही. फार तर ट्रेडमिलवर पळवतील, एको (हृदयाची सोनोग्राफी) काढतील, वर्षभराने परत बोलावतील. दोन पायलटांच्या विमानात एखादा पायलट अचानक निकामी होण्याची वर्षाला एक टक्क्यापर्यंतची जोखीम वैद्यकशास्त्र धरूनच चालतं. शून्य कुणाकडूनच मागत नाहीत. पण रकाना रिकामा सोडला तर तो हिशोबच चुकतो. आणि मग एखाद्या दिवशी उजवीकडच्या माणसाची मान पडेल, आणि डावीकडचा तुझ्यासारखा हुशार असेलच असं मला कोण सांगणार?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

शुक्रवारी तुझी तपासणी आहे. या पत्रासोबत निळी फाईल पाठवते आहे. बाबांचे सगळे ईसीजी तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकाची झेरॉक्स काढून ठेवली आहे, कारण तो कागद वर्षागणिक पुसट होतो. सर्वात वर आहे तो शेवटचा. त्यावर कोपऱ्यात पेन्सिलने "बरं वाटतंय" असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ते खोडू नकोस.

तुझी,
आई