ई-३११ महामार्गावर थांबलेल्या त्या दोघांचे आभार

गेल्या जुलैत भर दुपारी दुबईहून शारजाला परतताना ई-३११ वर माझं टायर फुटलं. मागचं डावं, म्हणजे इथे नेमकं वाहत्या गाड्यांच्या बाजूचं. मागच्या सीटवर चार वर्षांची लेक. उजवीकडून गाडी चालवायची सवय होऊन दोनच महिने झालेले, हातपाय गळालेच माझे.

पिकअपवाले पठाण भाईजान, तुम्ही काही न विचारता आधी लाल त्रिकोण मागे लांबवर नेऊन ठेवलात. नट इतके तापले होते की खांद्यावरचा रुमाल चार पदरी दुमडून धरलात. स्टेपनी बसवून झाल्यावर मी पैसे पुढे केले, तर छातीवर हात ठेवून नुसती मान हलवलीत.

आणि अबायातल्या (अरबी पायघोळ झग्यातल्या) ताई, लेकीला तुमच्या गाडीत एसीत बसवलंत, पाणी दिलंत, खजुराची बी काढून भरवलात. ‘शारजापर्यंत तुझ्या मागे राहते’ म्हणालात. आरशात तुमचे इंडिकेटर शेवटपर्यंत लुकलुकत होते.

घाईत नावंही विचारली नाहीत, याची फार रुखरुख आहे. मनापासून आभार. लेक अजून विचारते, खजूरवाली मावशी कधी येणार?