वृत्तनिवेदकांबद्दलची तक्रार घड्याळ लावून करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृत्तवाहिन्यांवरच्या निवेदकांबद्दल वाचकांची पत्रे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. सूर बहुतेक एकच असतो: अमका फार ओरडतो, तमकी पाहुण्यांना बोलू देत नाही, पूर्वीचे निवेदक किती शांत होते. राग खरा आहे आणि रास्तही आहे. पण वाहिनीच्या कार्यालयात असे पत्र कुणी वाचलेच, तरी त्याचे करायचे काय हे त्याला समजत नाही. ‘ओरडतो’ या तक्रारीला ‘आमची शैली आक्रमक आहे’ एवढे उत्तर पुरते. ‘अमुक तारखेच्या रात्री नऊच्या चर्चेत पहिल्या दहा मिनिटांत या पाहुण्याला सात वेळा तोडले, त्याचे एकही वाक्य पुरे झाले नाही’ असे लिहिले की शैलीच्या आड लपता येत नाही. प्रेक्षकांनी नेमके काय बघावे आणि ते कुठे कळवावे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी जुन्या-नव्याच्या तुलनेबद्दल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे ही मंडळी तिथे बातम्या वाचत. संपादित होऊन आलेला मजकूर शुद्ध उच्चारांत, ठरलेल्या वेळेत वाचणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी उत्तम केले. २००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या आणि कामच बदलले. आजचा निवेदक वाचतो, मुलाखत घेतो, भांडणात पंच होतो आणि नवीन काही हाती नसताना वेळही भरून काढतो. त्यामुळे भिड्यांचा आवाज आजच्या माणसात शोधण्यापेक्षा, हे नवे काम तो नीट करतो का एवढेच विचारावे.

रात्रीच्या चर्चेचा हिशोब मांडून पाहा. केबल टीव्ही नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिरातींना देता येतात: १० व्यावसायिक जाहिरातींना आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातींना. उरली ४८. प्रास्ताविक, चित्रफिती, ‘ब्रेकनंतर बघा’ यांत आठेक मिनिटे सहज जातात. उरली ४०. निवेदकाचे प्रश्न आणि भाष्य मिळून त्यातला तिसरा हिस्सा धरा, म्हणजे पाहुण्यांसाठी २७ मिनिटे. पडद्यावर आठ चौकटी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला तासाभरात सव्वातीन-साडेतीन मिनिटे, तीही वीस-पंचवीस सेकंदांच्या तुकड्यांत. पंचवीस सेकंदांत आरोप करता येतो. अर्थसंकल्पातली एखादी तरतूद समजावून सांगता येत नाही. आपली पाळी परत कधी येईल याची खात्री नसलेला पाहुणा मग दुसऱ्याच्या बोलण्यात घुसतो, त्याच्यावर तिसरा चढतो आणि सगळ्यांच्या वर आवाज काढायला निवेदक. पाहुणे तीनच असते, तर त्याच २७ मिनिटांत प्रत्येकाला नऊ मिनिटे मिळाली असती. चर्चा कशी होणार हे कुणी तोंड उघडण्याआधी चौकटी मोजूनच बऱ्यापैकी कळते, आणि त्या निवेदक एकटा ठरवत नाही.

आवाजाचेही तसेच. पाहुणा घरून किंवा दुसऱ्या शहरातून जोडलेला असला की त्याचे बोलणे उशिरा पोहोचते. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून जाऊन यायलाच पाव सेकंद लागतो. चित्र-आवाजाचे डिजिटल रूपांतर आणि मोबाइल नेटवर्क यांमुळे हा उशीर एक-दोन सेकंदांवर जातो. प्रश्न विचारल्यावर समोर शांतता दिसते, ती त्या उशिराची असते. कच्चा निवेदक त्या शांततेत दुसरा प्रश्न टाकतो, तेवढ्यात पहिल्याचे उत्तर येते, आणि दोघे एकदम थांबून एकदम सुरू होतात. जाणता निवेदक आधी पाहुण्याचे नाव घेतो, एकच छोटा प्रश्न विचारतो आणि दोन सेकंद गप्प राहतो. थांबवायचे झाले तर वाक्य संपताना नाव घेऊन थांबवतो. एका दमात तीन प्रश्न विचारणारा निवेदक पाहुण्याला त्यातला सोपा निवडायची मुभा देत असतो.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसते. प्रत्येक पाहुण्याचा माइक नियंत्रण कक्षातून कमी-जास्त किंवा बंद करता येतो, आणि निवेदकाच्या कानातल्या टॉकबॅकवर निर्माता सतत सूचना देत असतो. आठही जण एकाच वेळी ऐकू येतात तेव्हा आठही माइक कुणीतरी चालू ठेवलेले असतात. त्यात प्रक्षेपणाच्या आवाजावर कॉम्प्रेशन असते, म्हणजे हळू बोलणे वर आणि मोठे बोलणे खाली आणून सगळे एकाच पातळीवर ठेवले जाते. म्हणून टीव्हीचा आवाज कमी केला तरी गोंगाट गोंगाटच राहतो, फक्त लहान होतो. तक्रार निवेदकाच्या नावाने करा, पण वाहिनीच्या संपादकाचे नाव त्यात अवश्य घाला.

आता मोजायचे कसे. मोबाइलचे स्टॉपवॉच, कागद आणि पंधरा मिनिटे पुरतात. कोण किती वेळ बोलला हे टिपावे. तोडण्याच्या खुणा कराव्यात, पण त्यात भेद हवा: मुद्द्यावर बोलणाऱ्याला अर्ध्या वाक्यात तोडणे वेगळे आणि प्रश्न टाळणाऱ्याला रोखणे वेगळे. दुसरे तर निवेदकाचे कर्तव्यच आहे. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ किती वेळा आले आणि ती सूत्रे पोलिसांतली की पक्षातली एवढे तरी सांगितले का, हे लिहावे. पडद्याखालच्या पट्टीवर प्रश्नचिन्ह लावून आरोप चालवला जातो, तो शब्दशः उतरवावा, कारण निवेदकाने तोंडाने न उच्चारलेले बरेच काही तिथे असते. वेग तपासायचा तर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून शब्द मोजावेत आणि दुप्पट करावेत. अमेरिकेतले नावाजलेले वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट मिनिटाला सुमारे १२४ शब्दांचा वेग जाणीवपूर्वक सांभाळत, असे सांगतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात, तेव्हा आपल्याकडे आकडा त्याहून कमीच असायला हवा.

या सगळ्याहून मोठी कसोटी दुसऱ्या प्रश्नाची. पहिला प्रश्न टेलिप्रॉम्प्टरवरून कुणीही वाचेल. समजा, मंत्र्याला विचारले, ‘पुलाचे काम कधी पूर्ण होणार?’ उत्तर आले, ‘विरोधकांनी त्यांच्या काळात काय केले?’ एक निवेदक लगेच दुसऱ्या चौकटीकडे वळतो: ‘बोला, मंत्री विचारताहेत, तुम्ही काय केले?’ भांडण सुरू, प्रश्न मेला. दुसरी निवेदिका आवाज न चढवता म्हणते, ‘ते मी त्यांना विचारतेच. पुलाची तारीख सांगा.’ पुन्हा बगल दिली तर, ‘म्हणजे तारीख ठरलेली नाही, असे समजायचे का?’ एवढेच. मंत्र्याची अडचण दहा सेकंदांत घराघरांत दिसते. म्हणूनच मृदू आवाजाचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. गोड हसून सत्तेतल्या माणसाला सोडून देणारा निवेदक माझ्या मते ओरडणाऱ्याइतकाच निकामी; फक्त त्याच्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही. दुसरा प्रश्न सगळ्या पक्षांना सारख्याच चिकाटीने विचारला जातो का, हे कळायला मात्र आठवडाभराच्या चर्चा बघाव्या लागतात. एका कार्यक्रमावरून पक्षपाताचा शिक्का मारू नये.

घटनास्थळावरच्या वार्ताहराशी होणारे संभाषणही ऐकण्यासारखे असते. निवेदक सगळी माहिती स्वतःच सांगून टाकतो आणि शेवटी विचारतो, ‘काय अधिक माहिती मिळतेय?’ वार्ताहर तेच ‘या ठिकाणी’, ‘कुठेतरी’, ‘पाहायला मिळतंय’ पेरून परत सांगतो. ‘याहून अधिक माहिती सध्या आमच्याकडे नाही’ असे स्पष्ट सांगणारा निवेदक दिसला, तर त्याला शाबासकीचे पत्र जरूर पाठवावे.

गुन्ह्यांच्या बातम्यांत हे प्रकरण गंभीर होते. सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणाच्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला आणि काय टाळायचे ते सांगून ठेवले: पोलिसांपुढे दिलेला कथित कबुलीजबाब हा जणू ग्राह्य पुरावा आहे असे भासवणे, गुन्हा कसा घडला याचे नाट्यरूपांतर, आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्ती दुबळ्या मनाची होती असे रंगवणे, अर्धवट माहितीवर तपास यंत्रणेला झोडपणे. निवेदकाने यांतले काय केले हे प्रेक्षकाला घरबसल्या ताडून पाहता येते. द्वेषपूर्ण भाषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २१ सप्टेंबर २०२२ रोजी निवेदकाच्या भूमिकेला फार महत्त्व असल्याचे सांगितले. पाहुणा तसे बोलू लागताच त्याला थांबवणे निवेदकाचे काम आहे. ‘ती पाहुण्याची मते’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

तक्रारीची वाट अशी. पहिली तक्रार वाहिनीकडे, लेखी. त्यात वाहिनी, कार्यक्रम, तारीख, घड्याळातली वेळ, निवेदकाचे नेमके शब्द आणि कोणत्या नियमाचा भंग झाला ते असावे. ‘एनबीडीएसए’ या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेच्या नियमानुसार ही तक्रार पहिल्या प्रक्षेपणापासून ७ दिवसांत करावी लागते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर तिच्याकडे जाण्यासाठी पुढे १४ दिवस असतात. मात्र वाहिनी तिची सदस्य आहे का, हे आधी बघावे. जून २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या केबल टीव्ही नियमांनीही तीन पायऱ्या घालून दिल्या आहेत. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा. पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील, तिने ६० दिवसांत ते निकाली काढायचे. त्यानंतर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा. वाहिन्यांनी रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचे असते, त्यामुळे उशीर करू नये. बहुतेक तक्रारी फसतात त्या वेळ न लिहिल्यामुळे, मुदत उलटल्यामुळे किंवा कार्यक्रमाचा तपशील सोडून निवेदकाच्या हेतूंवर बोलल्यामुळे.

याचा उपयोग होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका नागरिकाच्या तक्रारींवरून ‘एनबीडीएसए’ने धार्मिक तेढ वाढवणाऱ्या कार्यक्रमांबद्दल एका हिंदी वाहिनीला १ लाख आणि दुसरीला ५० हजार रुपये दंड केला, आणि ते कार्यक्रम इंटरनेटवरून काढायला लावले. १ लाख ही दंडाची कमाल मर्यादा फार तोकडी आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये बोलून दाखवले होते. ती वाढलीच पाहिजे. पण मोठ्या आवाजाच्या निवेदकाला वाहिनी सांभाळते ती मुख्यतः टीआरपीसाठी. मीटर लावलेल्या घरांत कोण कोणती वाहिनी किती वेळ बघत होते एवढेच ‘बार्क’ ही टीआरपी काढणारी संस्था मोजते. माणूस आवडीने बघत होता की दात-ओठ खात, हे त्यात कुठेच येत नाही. शिव्या देत तासभर बघणारा त्या निवेदकाचा आकडाच वाढवत असतो.

आपणास दोन विनंत्या. ‘एनबीडीएसए’चे आदेश इंग्रजीत संकेतस्थळावर पडून राहतात, मराठी वाहिन्यांसंबंधीच्या आदेशांचा गोषवारा आपण छापावा. आणि आठवड्यातून एकदा पाव स्तंभ असा द्यावा, ज्यात रात्रीच्या एका चर्चेत पाहुणे किती, कोणाला किती मिनिटे मिळाली, दुसरा प्रश्न कुणाला विचारला गेला आणि कुणाला नाही, एवढेच असेल. निवेदकांबद्दलच्या वाचकांच्या पत्रांतही तारीख आणि वेळ असलेल्या पत्रांना आपण प्राधान्य द्यावे.

आपला,
वृत्तवाहिन्यांचा एक प्रेक्षक