तो तर टेलिफोन खात्यातला माणूस!

मा. संपादक,

रविवारचा दुसऱ्या महायुद्धातल्या कोडब्रेकर्सवरचा, म्हणजे शत्रूचे गुप्त निरोप फोडणाऱ्यांवरचा, लेख वाचला, छान आहे, पण परत तेच, ब्रिटिश गणिती ट्युरिंग आणि जर्मनांचं सांकेतिक निरोपांचं मशीन एनिग्मा. ट्युरिंग मोठाच, वाद नाही, पण टॉमी फ्लॉवर्सचं साधं नावही नाही? मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली म्हणून जरा जास्तच लागलं असेल. फ्लॉवर्स आमच्यातलाच, लंडनच्या गवंड्याचा पोरगा, फोनचा इंजिनियर, तिकडेही तेव्हा फोन पोस्टाकडेच होते.

हिटलरचे वरच्या जनरल लोकांशी निरोप एनिग्मावर नाही, लॉरेन्झ मशीनवर जायचे. ते मशीन न बघताच ब्लेचली पार्कातल्या (ब्रिटिशांचं कोड फोडायचं गुप्त केंद्र) बिल टट या गणितीने नुसत्या कागदावर त्याची आतली रचना शोधली (हा दुसरा विसरलेला). पण हाताने सोडवत बसलं तर निरोप शिळा व्हायचा, म्हणून फ्लॉवर्सने ते काम झटपट करणारं कोलोसस हे इलेक्ट्रॉनिक मशीन बांधायला घेतलं, दीड हजारावर व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या)! ब्लेचली पार्कातले म्हणाले एवढे व्हॉल्व्ह सारखे उडतील, चालायचं नाही. अहो पण एक्स्चेंजवाल्याला माहीत असतं, व्हॉल्व्ह जातो तो चालू-बंद करताना, चालूच ठेवला की टिकतो. आमच्या कॅरिअर रूममध्ये (लांबच्या कॉलची यंत्रं असायची ती खोली) पहिल्याच दिवशी सीनियरनी मला दम दिलेला, पुसायचं तर पूस, स्विचला हात लावलास तर बघ.

अकरा महिन्यांत, पदरचे पैसे घालून, त्याने ते उभं केलं आणि 1944 च्या सुरुवातीपासून ते भोकं पाडलेल्या कागदी टेपवरची सेकंदाला पाच हजार अक्षरं वाचायला लागलं. चालवायला नेव्हीतल्या मुली, त्यांची तर नावंसुद्धा कोणी घेत नाही. युद्ध संपेपर्यंत अशी दहा मशीनं झाली.

आणि मग हुकूम, सगळं गुप्त ठेवा, कागद नष्ट करा. डॉलिस हिलच्या, म्हणजे पोस्टाच्या संशोधन केंद्राच्या, भट्टीत त्याने ते जाळले. हजार पौंड बक्षीस मिळालं त्यात खिशातून गेलेलेही भरून निघाले नाहीत. पुढे तसंच मशीन बांधायला बँक ऑफ इंग्लंडकडे लोन मागितलं तर असलं काही चालूच शकत नाही म्हणून नकार, आणि याला बोलता येईना की साहेब मी बांधून चालवलंय! 1946 मध्ये अमेरिकेचा एनिॲक जगासमोर आला आणि पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर म्हणून पुस्तकांत तोच जाऊन बसला. कोलोससचं उघडपणे बोलायला सत्तरचं दशक उजाडलं, तोवर हा रिटायर होऊन घरी.

युद्ध चालू असताना गुप्तता हवीच, पण नंतर तीस वर्षं कशाला? आता तर सगळं उघड आहे, तरी तुमच्या लेखात त्याला एक ओळ नाही. पुढच्या वेळी फोटो छापाल तर त्या चष्मेवाल्याचाही टाका.

– एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, मिरज